आठ नंबरचा रंग

३ ऑगस्ट, सोमवार

आमच्या ह्यांचं रंगाचं दुकान आहे. रंगाच्या कंपनीकडून दर वर्षी फुकट डायऱ्या येतात आणि माळ्यावर पडून राहतात. आज जेवताना मी ऑफिसचं पुराण लावलं, तेव्हा हे उठले, एक डायरी झटकून आणली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाले, "अगं, हिला सांग. ही मध्येच जांभया देत नाही." सासूबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. ठीक आहे, हिला सांगते.

माझं वय एकावन्न. दातांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी अठरा वर्षं आहे. कोणाची वेळ कधीची, आठवणीचा मेसेज कोणाला पाठवायचा, हे एकेचाळीस दवाखान्यांसाठी आमचा प्रोग्रॅम करतो. म्हणजे बऱ्याच अंशी मी करते. या महिन्याच्या शेवटी साहेब टीमप्रमुख नेमणार आहेत. ही जागा आधी दोनदा भरली, दोन्ही वेळा मला वळसा घालून. ते दोघेही पुढे कंपनी सोडून गेले आणि मी आहे तिथेच. या वेळी मला ती जागा हवी आहे. हे मी घरीसुद्धा इतकं स्पष्ट बोललेले नाही.

आज झालं ते असं. आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी एक सव्वीस वर्षांची मुलगी लागली. तीन महिन्यांच्या बोलीवर आहे, महिनाअखेर तिचंही ठरेल, ठेवायचं की नाही. आम्ही सगळे टर्मिनलमध्ये काम करतो. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिथे माउसला कोणी विचारत नाही, सगळं टाइप करायचं. माझ्या खिडकीत अठरा वर्षं काळ्यावर पांढरं. हिच्या खिडकीत कोड मोरपंखी, फिकट पिवळा, राखाडी. म्हणून मनातल्या मनात मी तिला मोरपीस म्हणते. आज साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "वा! काय स्वच्छ काम आहे!"

साहेबांना कोड वाचता येत नाही. त्यांनी रंग वाचले. माझ्या खुर्चीमागे ते येतात ते फक्त पंख्याचं बटण दाबायला.

ठरलं. मलाही रंग हवेत.

५ ऑगस्ट, बुधवार

इंटरनेटवरून एक रंगसंगती उतरवली. 'डोळ्यांना शांत' असं लिहिलं होतं. लावली तर पडद्याला गोवर आला. मदत शोधली. पाच जणांची सात मतं. एकाने लिहिलं होतं की तुमचं टर्मिनल जुनं असेल तर त्याला सरळ खोटं सांगा, बाबा रे, तुला लाखो रंग येतात. मी सांगितलं. त्या बिचाऱ्याने विश्वास ठेवला आणि सगळी अक्षरं लुकलुकायला लागली. नेमके तेव्हाच साहेब पंखा लावायला आले.

"हे काय?"

"तपासणी चालू आहे," मी म्हणाले.

एकदा खोटं बोलायला सुरुवात केली की टर्मिनल काय आणि साहेब काय.

६ ऑगस्ट, गुरुवार

मोरपिसाने आज आपणहून विचारलं, "ताई, तुमचे रंग लावून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

"छे गं, मला असला नट्टापट्टा आवडत नाही."

दोन मिनिटांचं म्हणे! माझे दोन दिवस गेलेत. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण जीभ रेटेना.

७ ऑगस्ट, शुक्रवार

आज मी चोरी केली. लिहून टाकते म्हणजे छाती हलकी होईल.

आम्ही सगळे एकाच मोठ्या मशीनवर काम करतो, प्रत्येकाचं आपापलं फोल्डर. फोल्डरांना कुलपं नाहीत, कारण आजवर कोणाला दुसऱ्याच्या घरात डोकवावंसं वाटलं नव्हतं. मोरपीस डबा खायला गेली आणि मी तिच्या फोल्डरात शिरले. सेटिंगच्या फायली होत्या नऊ. त्यातली रंगांची कुठली ते कळेना, आणि डबा काही तासभर चालत नाही. नऊच्या नऊ उचलल्या आणि माझ्या फोल्डरात आणून टाकल्या. एकीत तिचं नाव आणि ईमेल होता. तो तसाच राहू दिला. मला रंगांशी मतलब.

आणि रंग आले! हुबेहूब तिच्यासारखे नाहीत. तिचा मोरपंखी माझ्याकडे वांग्यासारखा जांभळा झालाय आणि पिवळा अंगावर धावून येतो. पण एका बाबतीत माझं पान सरस आहे. तिचं कसं गच्च भरलेलं असतं; माझ्याकडे मधे मधे छान मोकळ्या ओळी आल्यात. पान हवेशीर वाटतं.

१२ ऑगस्ट, बुधवार

नव्या रंगांनी मला भलताच हुरूप आलाय. सोमवार-मंगळवारात बावीस कामं उपसली. वर्षभर सगळे एकमेकांवर ढकलत होते ती किचकट कामंसुद्धा.

आज साहेबांनी मीटिंगमध्ये तक्ता लावला. कोडमध्ये कोणीही बदल केला की त्याचं नाव आपोआप नोंदलं जातं, त्यावरून हा तक्ता निघतो. पहिली मोरपीस. बावीस कामं! माझ्यापुढे शून्य. मी फारसं मनावर घेतलं नाही, कारण साहेबांच्या तक्त्याची कीर्ती मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्याने नोकरी सोडून गेलेल्या माणसाला पहिला नंबर दिला होता. मी स्वतः ती नोंदवही कधी उघडून बघत नाही. आपण काय केलं ते आपल्याला माहीत असतं.

नवल मात्र मोरपिसाचं वाटलं. सोमवार-मंगळवार ती तापाने घरी होती. अंगात ताप आणि बावीस कामं! मनात नसताना मान द्यावासा वाटला.

साहेब म्हणाले, "हिचं काम बघा. किती नेटकं! फाफटपसारा नाही." ती लाल झाली आणि माझ्याकडेच टक लावून बघायला लागली. मीटिंगनंतर मागे आली. "ताई, एक बोलायचं होतं." मी म्हटलं, आता हिला फायलींचा सुगावा लागला. "आत्ता नको गं, घाईत आहे," म्हणून जी बाथरूममध्ये शिरले ती वीस मिनिटं बाहेर आले नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

मोरपिसाने आज पुन्हा दोनदा गाठलं. एकदा मी फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं, एकदा खरंच फोन आला. आमच्या ह्यांचा होता, दुकानाची किल्ली सापडत नव्हती. तीस वर्षांत इतक्या प्रेमाने मी किल्ली शोधून दिली नसेल.

साहेबांनी फर्मान काढलंय की सगळ्यांनी कोडमध्ये टिपा लिहाव्यात; ही ओळ कशासाठी, ती कशासाठी. मशीन त्या टिपा वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. मोरपीस भरभरून लिहिते. आधीच्या दोन टीमप्रमुखांनीही ढीग घालून ठेवलाय. मी जन्मात टीप लिहिली नाही. ज्याला कळत नाही त्याने येऊन विचारावं. गंमत म्हणजे हल्ली मला कोणाच्या टिपा दिसतसुद्धा नाहीत. नजर सरावली की नको ते आपोआप गाळते.

१९ ऑगस्ट, बुधवार

आज जुन्या कोडची साफसफाई केली. मेसेज पाठवण्याच्या भागात एक ओळ सापडली, वर चांगली चार ओळींची मोकळी जागा सोडून एकटीच बसलेली. 'जुना' असा शिक्का असलेल्या पेशंटना वगळा, असं ती सांगत होती. मी अख्खी यादी चाळली. असा शिक्का असलेलं एकही माणूस त्यात नाही. मग ही बया इथे बसून काय करते? काढून टाकली. बावन्न कामं झाली होती, हे त्रेपन्नावं.

रात्रीच्या जेवणात मी रंगांचं रडगाणं गायले. हे आमटी वाढून घेत होते, हातातला डाव तसाच ठेवून म्हणाले, "त्या फायलीत काय लिहिलंय? रंग की नंबर?"

मी बघितलं होतं. "नंबर. एक, चार, आठ असे."

"मग झालं तर! गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, चार नंबर द्या. मी विचारतो, कुठल्या शेडकार्डातला? एका कंपनीचा चार नंबर मोरपंखी, दुसरीचा जांभळा. तू नंबर घेऊन आलीस. शेडकार्ड राहिलं तिच्याकडे."

तीस वर्षं मी या माणसाबरोबर संसार करतेय. पाच जणांची सात मतं वाचली त्यापेक्षा यांच्या एका वाक्यात जास्त कळलं. टर्मिनलला स्वतःचं सोळा रंगांचं शेडकार्ड असतं, ते बदलायला हवं!

पुढे हे म्हणाले, "आणि एखादा नंबर भिंतीच्याच रंगाचा निघाला ना, तर रंगारी दिवसभर रंगवतो आणि मालक म्हणतो, कामच झालं नाही." हे कशाला सांगितलं कोण जाणे. विषय लांबवायची सवयच आहे.

२० ऑगस्ट, गुरुवार

लवकर गेले. मोरपिसाच्या फायलीत रंगसंगतीचं नाव होतं; इंटरनेटवर तिच्या पानावर अगदी खाली सोळा छटांची यादी होती, ती एकेक करून टर्मिनलमध्ये भरली. शून्य, एक, दोन, तीन. चार नंबरला वांग्याचा मोर झाला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझ्या कार्डात आठ नंबर होता ठार काळा, तिच्यात राखाडी. तोही भरला.

आणि माझ्या हवेशीर पानातल्या सगळ्या मोकळ्या ओळी अक्षरांनी भरून आल्या.

टिपा होत्या त्या. राखाडी रंगातल्या, शेकडो. तेरा दिवस काळ्यावर काळ्या बसून होत्या. कालची जागा उघडली. तिथे लिहिलं होतं: 'खालची ओळ काढू नका. रोज सकाळी दहा वाजता सगळ्या दवाखान्यांच्या जुन्या पेशंटची यादी आपोआप इथे जोडली जाते. ही ओळ नसेल तर त्या सर्वांना शेवटच्या उपचारासाठी पुन्हा बोलावणारे मेसेज जातील.'

त्याखाली ओळ नव्हती. घड्याळात दहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

पहिला फोन सासूबाईंचा. "अगं, मला मेसेज आलाय. उद्या सकाळी अकरा वाजता दात काढायचाय म्हणे. माझा कुठला?"

सासूबाईंच्या तोंडात सहा वर्षांपासून एकही दात नाही.

चार हजार दोनशे बारा लोकांना मेसेज गेला. दवाखान्यांचे फोन सुरू झाले ते थांबेनात. एका बाईंचा दात गेल्याच महिन्यात काढून झाला होता. त्या विचारत होत्या, परत बसवून पुन्हा काढणार का? साहेबही कधी काळी एका दवाखान्यात गेले असावेत, कारण ते गालावर हात ठेवूनच केबिनबाहेर आले. मी तोवर ओळ परत घातली होती, पण गेलेला मेसेज काही परत येत नाही.

साहेबांनी नोंदवही मोठ्या पडद्यावर उघडली. ओळ काढणाऱ्याचं नाव: मोरपीस. परत घालणाऱ्याचं नाव: मोरपीस. त्याखाली माझी बावन्न कामं ओळीने उभी होती, आणि प्रत्येकापुढे तिचं नाव.

तेव्हा मला ती फाईल आठवली. नऊमधली एक. नाव आणि ईमेल.

"साहेब, हे मी केलेलं नाही," मोरपीस म्हणाली.

"नाव तुझं आहे. हे तुझं नाही, तर बाकीची पन्नास कामंही तुझी नाहीत का?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. साहेब म्हणाले, "उद्या संध्याकाळी बोलू. पण तुला पुढे ठेवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही."

मी काही बोलले नाही. मी त्या खोलीत होते, मला तोंड होतं, आणि मी काही बोलले नाही.

२१ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळ

गप्प बसले तर जागा माझी. दुसरं कोणी उरलंच नाही. मन म्हणतं, तुझी बावन्न कामं तिने मुकाट्याने खिशात घातली, मग त्रेपन्नावंही घालू दे की! मनासारखा वकील नाही, कुठल्याही बाजूने लढतो.

सासूबाई नवी साडी नेसून दारात उभ्या. दवाखान्यात निघाल्या होत्या. "एवढं अगत्याने बोलावलंय. हल्ली मला कोण बोलावतं?"

मी म्हणाले, "अहो आई, तो मेसेज चुकून आलाय."

"कोणाची चूक?"

"ऑफिसमधल्या एका मुलीची."

हे मी बोलले. साहेब समोर नव्हते, नोकरीचा प्रश्न नव्हता, स्वतःच्या सासूशी दारात उभी राहून बोलले. सासूबाई म्हणाल्या, "रागावू नका हो तिला. चुकतं माणूस." आणि चपला शोधायला लागल्या.

मला माझी लाज वाटली. अजून वाटते आहे. डबा न घेताच निघते.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ

मोरपिसाला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मीही मागोमाग शिरले.

"साहेब, ती ओळ मी काढली." मग सगळं सांगितलं. फोल्डर, डबा, नऊ फायली, शेडकार्ड. साहेबांना शेडकार्ड काही झेपलं नाही.

"पण तिच्या फायली तुम्ही घेतल्यात कशाला?"

"रंगांसाठी."

"रंगांसाठी?"

"तिच्या पडद्याकडे बघून तुम्ही वा म्हणालात, म्हणून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोरपीस म्हणाली, "साहेब, मला तक्त्याच्या दिवशीच कळलं होतं. ताईंना तीनदा सांगायला गेले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण तुम्ही सगळ्यांसमोर कौतुक केलंत. मला वाटलं, महिनाअखेरपर्यंत राहू दे माझ्या नावावर. ताईंचं काम फार सुंदर होतं, साहेब. मला तसं जमत नाही."

लबाड! मला तिचा राग यायला हवा होता. पण 'फार सुंदर' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते, त्यामुळे राग जागच्या जागी वितळला.

साहेब म्हणाले, "म्हणजे ती नेटकी कामं..."

"बावन्न, साहेब," मी म्हणाले. "बावन्न कामं माझी. तुम्ही हिचं नाव वाचून त्यांना नेटकं म्हणालात. अठरा वर्षं मी असंच काम करते. माझं नाव वाचून एकदाही म्हणाला नाहीत."

एवढं बोलले आणि मला रडू आलं. ठरवलेलं नव्हतं. मोरपिसाने साहेबांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून मला दिला. साहेबांचा उष्टा होता, पण मी प्यायले.

घरी आले तर सासूबाई खुशीत. डॉक्टरांनी नव्या कवळीचं माप घेतलं. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे, सगळे मेसेज वाचून आलेले, आणि डॉक्टर प्रत्येकाचं तोंड उघडून बघत होते, काही सापडतंय का!

३१ ऑगस्ट, सोमवार

निकाल लागला. मोरपिसाला कायम केलं, साहेबांची बोलणी खाऊन. टीमप्रमुखाची जागा सहा महिने रिकामी राहणार. मला लेखी मेमो.

मला ती जागा हवी होती. मिळाली नाही, वाईट वाटलं. उगाच मोठेपणा कशाला दाखवू?

साहेबांनी मेमो स्वतः टेबलावर आणून दिला, पंख्याकडे न बघता. वर माझं नाव, वडिलांकडच्या आडनावासकट पूर्ण. खाली मजकूर की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फायली घेतल्या, निष्काळजीपणे ओळ काढली, चार हजार दोनशे बारा लोकांना त्रास झाला. सगळं खरं होतं. आणि पुरावा म्हणून सोबत नोंदवहीची यादी, साहेबांनी सगळीकडचं नाव दुरुस्त करून घेतलेली. चोपन्न नोंदी. त्यातली एक काढलेल्या ओळीची, एक परत घातलेल्या ओळीची, त्यांना लाल खूण. बाकी बावन्न नोंदी बिनखुणेच्या, आणि प्रत्येकीपुढे माझं नाव.

मी खुर्चीत बसून यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. साहेब उभेच होते. मग म्हणाले, "वाचून झालं असेल तर मेमोवर सही करा. मान्य आहे म्हणून."

"यादीच्या पानांवर पण करू?"

"त्याची गरज नाही."

तीन पानं होती. मी तिन्हींवर केली.